अडीच गोलांचा हिशेब

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची रांग मुलांकडून पाठ करून घेत, आणि तिच्या शेवटाकडे अडीचकी व औटकी येत. त्यामुळे अडीच या आकड्याचे मराठी कानाला नवल वाटत नाही. बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरे चालतो, आणि भाजीवाला अडीच किलो बटाटे हसत तोलून देतो. परंतु फुटबॉलच्या मैदानावर अडीच गोल आजवर कोणी केलेले नाहीत आणि पुढेही कोणी करणार नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला तर एक गोल, नाही तर काहीच नाही. असे असूनही मुलुंड-घाटकोपरच्या सायंकाळच्या लोकलमध्ये, बोरिवलीच्या चहाच्या टपरीवर किंवा अंधेरीच्या मैदानाबाहेर 'आज अडीचच्या वर जाणार', 'नाही रे, खालीच राहणार' अशी वाक्ये कानी पडतात. बोलणारे बहुधा विशी-पंचविशीतले असतात आणि त्यांचे डोळे हातातल्या मोबाइलवर असतात. घरातल्या वडील मंडळींना मुलगा फुटबॉलविषयी बोलतो आहे एवढेच कळते. खेळाचा नाद आहे, बरा आहे, असे त्यांस वाटते. तो पैशांविषयी बोलत होता हे पुष्कळदा कर्ज झाल्यावर उघडकीस येते.

म्हणून हा अडीचचा व्यवहार काय आहे आणि कोणत्या गणिताने तो मांडला आहे, हे आम्ही येथे उलगडून सांगणार आहोत. उपदेश करण्याचा आमचा मानस नाही. तो घरोघरी होतच असतो, आणि त्याचा उपयोग किती होतो हेही आपण सर्व जाणतो. हिशेब मात्र पुरता मांडावा असे वाटते, कारण या व्यवहारात पडणाऱ्या मुलांस गणित येत नाही असे नसून, कोणते गणित करावयाचे हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

व्यवहार ऐकावयास अगदी सोपा आहे. कोण जिंकले, कोण हरले याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही संघांनी मिळून एकंदर गोल किती केले एवढेच मोजावयाचे. तीन किंवा अधिक झाले तर 'वर' लावणारा जिंकला. दोन झाले, एक झाला किंवा एकही झाला नाही, तर 'खाली' लावणारा जिंकला. पैज लावणारे यासच ओव्हर आणि अंडर म्हणतात.

आमच्या उपनगरांच्या जवळचे उदाहरण घेऊ. मुंबईस फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथे १८९१ पासून सुरू झाली. पण ते सारे कुलाबा-कूपरेजकडचे. २०१६ पासून मुंबई सिटी या संघाचे सामने अंधेरी पश्चिमेच्या क्रीडासंकुलात होऊ लागले, आणि घाटकोपरला मेट्रोत बसून आझाद नगरला उतरणारा प्रेक्षकवर्ग तयार झाला. या संघाने १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध खेळला. करोनाचे दिवस, त्यामुळे मैदान रिकामे आणि सारी मुंबई घरी पडद्यासमोर. अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानचा गोल केला. एकोणतिसाव्या मिनिटाला त्यांच्याच तिरी या बचावपटूच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला, आणि बरोबरी झाली. त्यानंतर तासभर काही घडले नाही. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबईने चषक जिंकला.

आता याच सामन्याकडे अडीचच्या चष्म्यातून पाहा. तिरीचा गोल स्वतःच्याच संघावर झालेला, पण मोजणीत तोही एक. म्हणजे अर्ध्या तासातच दोन झाले. पुढचा सारा तास 'खाली' लावणारा श्वास रोखून बसलेला आणि तिसऱ्या गोलाची वाट पाहणारा 'वर'वाला नखे चावत बसलेला. बिपिन सिंगच्या गोलाने एकाचे पैसे बुडाले आणि दुसऱ्याचे जवळजवळ दुप्पट झाले. ज्या मुंबईकराने 'खाली' लावले होते, त्यास आपल्या संघाच्या विजयाच्या क्षणी आनंद करावा की कपाळाला हात लावावा हे कळले नसेल. पैज खेळात शिरली की पाहणाऱ्याची बाजूच बदलते, ती अशी.

मोजणीचा आणखी एक नियम सांगितला पाहिजे, कारण त्यावरून भांडणे होतात. पैज नव्वद मिनिटांची असते, आणि मध्ये वाया गेलेल्या वेळेची जी भरपाई पंच देतो तेवढीच तिच्यात धरतात. बरोबरीनंतर जादा तीस मिनिटे खेळली तर त्यांतले गोल धरीत नाहीत, आणि शेवटच्या पेनल्टींचे तर नाहीतच. २०२२ च्या विश्वचषकात क्रोएशिया आणि ब्राझील यांचा सामना जादा वेळेअखेर १-१ असा सुटला आणि पेनल्टींवर क्रोएशियाने जिंकला. पैजेच्या वहीत मात्र तो सामना शून्य गोलांचा आहे, कारण नव्वद मिनिटांत कोणीच गोल केला नव्हता.

बरे, पण अर्धा गोल कशासाठी? रेषा दोनवर आखली असती तर नेमके दोन गोल झाल्यावर कोणीच जिंकले नसते आणि सर्वांचे पैसे परत द्यावे लागले असते. तीनवर आखली तर तीच अडचण तीन गोलांची. अर्ध्यावर रेघ मारली की मधली जागाच उरत नाही. प्रत्येक सामना इकडे तरी पडतो किंवा तिकडे तरी. हा अर्धा गोल म्हणजे खेळातील वस्तू नव्हे, कुंपण आहे. सव्वादोन आणि पावणेतीन असल्याही रेषा बाजारात असतात. त्यांत लावलेल्या रकमेचे दोन भाग करतात: सव्वादोनमध्ये अर्धी रक्कम दोनच्या रेषेवर, अर्धी अडीचच्या. नेमके दोन गोल झाले तर 'वर'वाल्याची अर्धी रक्कम परत येते आणि अर्धी बुडते. जुन्या काळी पाढे पाठ केलेल्या माणसास हे लगेच कळेल. नव्यांस थोडा वेळ लागतो. त्यात अधिक खोल जाण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न असा की रेषा अडीचवरच का? साडेचारवर का नाही? याचे उत्तर खेळाच्या इतिहासात आहे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये विश्वचषक झाला तेव्हा २६ सामन्यांत १४० गोल झाले. सामन्यामागे पाचांहून अधिक. त्या वर्षी कोणी अडीचची रेषा मांडली असती तर त्याचे दिवाळे वाजले असते. पुढे बचावाचे डावपेच वाढत गेले. १९९० च्या इटलीतील स्पर्धेत ५२ सामन्यांत ११५ गोल, म्हणजे सामन्यामागे २.२१ एवढेच. खेळ इतका कंटाळवाणा झाला की नियम बदलावे लागले. आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये असे १९९२ मध्ये ठरले, आणि १९९४ च्या विश्वचषकात विजयास दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. २०१४ मध्ये ६४ सामन्यांत १७१, २०१८ मध्ये १६९, २०२२ मध्ये १७२ गोल झाले. तीन स्पर्धा, तीन खंड, निराळे संघ, निराळे खेळाडू. पण सामन्यामागे सरासरी २.६ ते २.७ या अरुंद पट्टीतच. अडीचची रेषा याच पट्टीला खेटून आखलेली आहे.

येथे आम्हांस थोडा वेळ घोड्यांकडे जावे लागेल. फ्रान्समध्ये पॉइसाँ नावाचा गणिती होऊन गेला. एखादी गोष्ट घडण्याच्या संधी पुष्कळ, पण प्रत्येक संधी फळास येण्याचा संभव अगदी थोडा, अशा गोष्टी एका ठराविक काळात किती वेळा घडतील याचे सूत्र त्याने १८३७ मध्ये दिले. १८९८ मध्ये बोर्टकिएविच या अभ्यासकाने ते सूत्र एका विचित्र गोष्टीस लावून पाहिले. प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून दरसाल किती शिपाई मेले, याच्या त्याने याद्या काढल्या. दहा पलटणी आणि वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी. त्यांत एकंदर मृत्यू १२२. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ नोंदींत एक, २२ मध्ये दोन, तीनांत तीन आणि एकीत चार. सूत्राने आधीच सांगितलेले आकडे जवळजवळ हेच होते. कोणता घोडा कोणत्या शिपायास केव्हा लाथ मारील हे कोणीही सांगू शकत नव्हते. पण दोनशे नोंदींचा एकत्रित आराखडा कागदावर आधीच काढता येत होता.

फुटबॉलमधला गोल हा बराचसा त्या लाथेसारखा आहे. नव्वद मिनिटांत दोन्ही बाजूंनी कितीतरी चढाया होतात, आणि फळास येतात दोन-तीन. सरासरी २.६९ धरून पॉइसाँचे सूत्र चालविले तर ६४ सामन्यांत शून्य गोलांचे सुमारे ४, एका गोलाचे १२ आणि दोन गोलांचे १६ सामने व्हावेत, मिळून ३२. म्हणजे बरोबर निम्मे. २०२२ च्या स्पर्धेतले सगळे निकाल समोर घेऊन आम्ही मोजणी केली. शून्य गोलांचे ७, एका गोलाचे १०, दोन गोलांचे १७. एकूण ३४ सामने अडीचच्या खाली आणि ३० वर. यात जादा वेळेतले गोल धरले काय किंवा सोडले काय, वरचे तीस आणि खालचे चौतीसच राहतात.

या मोजणीत एक गंमत आहे, आणि पुष्कळ पैसे तिच्यापायी जातात. सरासरी २.६९, म्हणजे अडीचहून जास्त. मग साहजिकच मनुष्य म्हणतो की बहुतेक सामने अडीचच्या वरच जात असणार. पण तसे झालेले नाही. कारण इंग्लंड-इराण सामन्यात आठ गोल झाले, स्पेनने कोस्टारिकावर सात चढविले, आणि पोर्तुगाल-स्वित्झर्लंड सामन्यातही सात झाले. या तीन सामन्यांनीच २२ गोल सरासरीच्या पारड्यात टाकले. पैजेत मात्र आठ गोलांचा सामनाही एकदाच 'वर' मोजला जातो, तीन गोलांचाही एकदाच. वाडीतल्या एका घरात मोटार आली म्हणून सगळ्या वाडीचे सरासरी उत्पन्न वाढते, पण शेजाऱ्यांच्या खिशात काही पडत नाही, तशातलाच हा प्रकार.

तात्पुरते एवढे धरून चालू की अडीचची रेषा ही नाणेफेक आहे. कधी थोडी इकडे झुकलेली, कधी तिकडे. ती चुकून तशी झालेली नाही. ती तशी व्हावी म्हणूनच तेथे आखलेली आहे. दोन दुबळे, सावध संघ असतील तर रेषा दोनवर किंवा सव्वादोनवर येते. आक्रमक संघ असतील तर साडेतीनवर जाते. किंवा रेषा तीच ठेवून भाव बदलतात.

आता भावाकडे वळू. आपला सारा विषय येथेच आहे. वर आणि खाली दोन्ही बाजूंस १.९० असा भाव दिसतो असे समजा. याचा अर्थ, शंभर रुपये लावून जिंकलात तर आपल्या शंभरासकट १९० परत मिळतील. नाणे जर सरळ आहे, तर न्यायाने २०० मिळावयास हवे होते. ते दहा रुपये कोठे गेले? ते बुकीचे. शंभर रुपयांच्या शंभर पैजा लावल्या, म्हणजे दहा हजार रुपये फिरविले, आणि पन्नास जिंकल्या, तर हाती येतात साडेनऊ हजार. निम्म्या पैजा बरोबर येऊनही पाचशे रुपये गेले. नुकसान टाळावयाचे तर शंभरांत त्रेपन्न बरोबर यावयास हव्यात.

मुंबईतल्या जुन्या माणसास हे गणित दुसऱ्या नावाने ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर या शहरात एके काळी पैजा लागत. ते आकडे बंद झाले तेव्हा साठीच्या दशकात कल्याणजी भगत आणि त्यामागून रतन खत्री यांनी आकडे काढण्याचा स्वतःचाच कारखाना घातला, तोच मटका. पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची, शेवटचा अंक तो 'ओपन', नंतर तसाच 'क्लोज'. अंक दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. जोड्या शंभर, आणि रुपयाला नव्वद. म्हणजे शंभर रुपयांतले दहा रुपये मटकेवाल्याचे, हे गिरणीतला अंगठेबहाद्दरही बोटांवर सांगू शकत होता. त्याने खेळणे सोडले नाही ही गोष्ट वेगळी, पण सोंग कोणी केले नाही.

शंभरास दहा आणि शंभरास पाच यांची तुलना करून, हा नवा खेळ मटक्याहून निम्म्याने स्वस्त आहे, असे कोणी म्हणेल. एका पैजेपुरते ते खरे आहे. पण मटक्याचे आकडे दिवसातून दोनदा निघत. मोबाइलवर जगातल्या कोणत्या ना कोणत्या देशात सामना चालूच असतो. शंभर रुपयांच्या दहा पैजा रोज लावणारा तरुण हजार रुपये फिरवितो आणि सरासरीने रोजचे पन्नास देतो; महिन्याचे दीड हजार. खिशात मुळात दोनच हजार असले तरी हे घडते, कारण जिंकलेले पैसे बाहेर न काढता पुनःपुन्हा तेथेच लावले जातात. शिवाय चार सामने एकत्र गुंफण्याची सोय असते. चारही 'वर' गेले तर शंभराचे तेराशे. हा आकडा पाहून जीव हरखतो. पण चार नाणी एकदम सरळ पडण्याचा संभव सोळांत एक, म्हणून न्यायाने सोळाशे हवे होते. येथे शंभरास अठराहून अधिक गेले, म्हणजे मटक्याच्याही जवळजवळ दुप्पट.

यावर तरुणांचे उत्तर ठरलेले असते: 'तो मटका नशिबाचा होता. आम्हांला खेळ कळतो.' हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही, म्हणून नीट पाहिले पाहिजे. यांपैकी पुष्कळांना खेळ खरोखर कळतो. कोणता मध्यरक्षक जखमी आहे, कोणता प्रशिक्षक पावसात बचाव धरतो, हे त्यांना तोंडपाठ असते. अडचण एवढीच की ते सारे भाव काढणाऱ्यासही ठाऊक आहे आणि भावात ते आधीच मुरलेले आहे.

महाभारतातले नलोपाख्यान आठवा. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. त्यावर पाने किती, फळे किती, हे ऋतुपर्णाने रथातूनच सांगितले. बाहुकाने झाड तोडून मोजले, तो संख्या बरोबर. तेव्हा ऋतुपर्णाने सांगितले की आपणास अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, अवगत आहे. आणि अश्वविद्येच्या बदल्यात ते त्याने नळास दिले. बेहड्याची फळेच त्या काळी फासे म्हणून वापरीत. झाडावरची फळे अंदाजाने मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकच, हे कथाकाराने किती शतकांपूर्वी ओळखले होते पाहा. नळासही फासे टाकता येत होते. त्यास मोजणी येत नव्हती. आजच्या बुकीच्या पेढीवर ऋतुपर्ण नोकरीस आहेत, यंत्रे घेऊन बसलेले. आणि समोरच्या गिऱ्हाइकांत खराच एखादा ऋतुपर्ण निघाला, सतत जिंकू लागला, तर पेढ्या त्याची पैज घेण्याची मर्यादा कमी करतात किंवा खाते बंद करतात. हा त्या धंद्याचा जगभरचा रिवाज आहे.

मग गाडीत जिंकणारेच कसे भेटतात? हे नवल खरे आहे आणि त्याचे उत्तरही गणितातच आहे. शंभर तरुण घ्या. प्रत्येक जण डोळे मिटून, नाणे उडवून, १.९० च्या भावाने शंभर-शंभर पैजा लावतो आहे असे समजा. शंभर पैजा संपल्यावर या शंभरांतले सुमारे एकतीस जण फायद्यात असतील, केवळ योगायोगाने. हे एकतीस जण बोलतात. त्यांना आपला अभ्यास फळला असे प्रामाणिकपणे वाटते, आणि ते मित्रांस शिकवू लागतात. उरलेले एकोणसत्तर गप्प असतात. आता याच शंभरांस हजार-हजार पैजा लावू द्या. फायद्यात उरतात सुमारे पाच. शंभर पैजा हा एका मोसमाचा खेळ आहे. हजार पैजा रोज दहा लावणाऱ्याच्या तीन-साडेतीन महिन्यांत होतात. पहिल्या मोसमात जिंकलेला तो एकतिसांतला एक तरुण दुसऱ्या मोसमात रक्कम वाढवितो. सर्वाधिक नुकसान बहुधा त्याचेच होते, पहिल्या आठवड्यात हरून कंटाळलेल्याचे नव्हे. ज्या घरात मुलगा सुरुवातीस जिंकला होता, त्या घराने अधिक सावध असावे ते यामुळे.

सामना चालू असताना लावावयाच्या पैजेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आता पुष्कळ पैसा तिकडेच जातो. २०२२ चा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. एकोणऐंशी मिनिटे झाली तेव्हा अर्जेंटिना २, फ्रान्स ०. अडीचच्या वर जाण्यास एकच गोल हवा आणि दहा-अकरा मिनिटे उरलेली. नव्वद मिनिटांत २.७, तर दहा मिनिटांत ०.३ गोलांची अपेक्षा. पॉइसाँचे सूत्र सांगते की आणखी एक तरी गोल होण्याचा संभव चारांत एक. बाकी तीन वेळा काहीच होत नाही. त्या दिवशी ऐंशीव्या मिनिटाला एम्बापेने पेनल्टीवर गोल केला आणि लगेच एक्याऐंशीव्या मिनिटाला दुसरा. तो एक प्रसंग लक्षावधींच्या स्मरणात राहिला. ज्या सामन्यांत शेवटची दहा मिनिटे चेंडू नुसता इकडून तिकडे फिरत राहिला, ते कोणाच्या स्मरणात आहेत? शिवाय आपल्या मोबाइलवरचे चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असते, आणि भाव काढणाऱ्याकडे मैदानावरची वार्ता आधी पोचते. विक्रोळी-कांजूरमार्गच्या दरम्यान लोंबकळत, जेमतेम येणाऱ्या सिग्नलवर त्याच्याशी शर्यत लावणाऱ्या मुलाची आम्हांस कीव येते.

कायद्याचे काय? आमच्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. पूर्वी त्यास मुंबईचा म्हणत, आता महाराष्ट्राचा म्हणतात. घोड्यांच्या शर्यतींस त्यात अटींवर मोकळीक आहे, फुटबॉलच्या पैजेस नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा संमत केला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड; त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांची देवघेव चालविणे हेही गुन्हे. केवळ खेळणाऱ्यास त्यात शिक्षा ठेवलेली नाही. परंतु परदेशांतून चालणाऱ्या पेढ्या नाव बदलून पुन्हा दारात उभ्या राहतात, आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्याने भारतीय करार अधिनियमाचे तिसावे कलम वाचलेले बरे. ते १८७२ पासून आहे. पैजेचा करार निरर्थक, आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही, असे ते सांगते. म्हणजे हरलेले पैसे पेढीने आधीच घेतलेले असतात, आणि जिंकलेले तिने दिले नाहीत तर अंधेरीच्या काय किंवा बोरिवलीच्या काय, कोणत्याही कोर्टाची पायरी चढता येत नाही.

मोबाइलवरून पाच मिनिटांत मिळालेले कर्ज मात्र या कलमात बसत नाही. कर्ज देणाऱ्याने ते कशासाठी घेतले हे विचारलेले नसते, आणि वसुलीचे फोन घरी, कचेरीत, नातेवाइकांकडे येऊ लागतात ते त्याच कर्जाचे. अशा वेळी घरच्यांनी पहिली गोष्ट करावी ती ही की मुलाबरोबर बसून फिरविलेली एकूण रक्कम आणि परत आलेली एकूण रक्कम कागदावर मांडावी. खात्याच्या उताऱ्यावरून ती तासाभरात निघते, आणि बहुतेकांनी ती बेरीज कधी केलेलीच नसते. ज्यास हात आवरत नाही त्याच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.